बिनकुंकवाचा हात

वडगावात मंगलचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की जळक्या वार्निशचा वास येतो. त्या वासाच्या मागं चालत गेलं की तीन पायऱ्या लागतात, फळ्यांचं दार लागतं, आणि आत तांब्याच्या तारेचं रीळ शेजारी ठेवून मोटरीत मान घालून बसलेली पन्नाशीची बाई दिसते. तीच मंगल. जळलेल्या मोटरीतली जुनी तार उपसून नवी भरायची, हा तिचा धंदा. वाइंडिंगवाले पुरुष बेळगावात पुष्कळ सापडतील, पण बाई ही एकच, असं वडगावची माणसं परगावच्या पाहुण्याला मोठ्या कौतुकानं सांगतात. आणि सांगून झालं की आवाज खाली आणून पुढं जोडतात, "पण दसऱ्यात न्हाय हं."

ही गोष्ट त्या शेवटच्या चार शब्दांची आहे.

मंगलचा जन्म विणकराच्या घरातला. सहाव्या वर्षी ती मागाच्या कांड्या भरायला बसली. कांडी भरताना सुताचा ताण कमी झाला तर ते ढिलं पडतं, जास्त झाला तर तुटतं. ते अंतर तिच्या बोटांना इतकं कळलं होतं की लग्नानंतर नवऱ्यानं, गुंडू मिस्त्रीनं, तिच्या हातात सुताऐवजी तांब्याची तार दिली तेव्हा तिला निराळं असं काही शिकावंच लागलं नाही. पुढं साखरेच्या आजारानं गुंडूची नजर अधू झाली. शेवटची पाच वर्षं तो नुसता दुकानाच्या दारात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि काम सगळं ही आत बसून करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, गुंडूच्या हाताला काय गुण आहे बघा. मंगल ऐकायची आणि तार भरायची. नवऱ्याच्या नावावर आपलं कौतुक ऐकायला तिची तेव्हा हरकत नव्हती.

गुंडू गेला आणि त्यानंतरच्या पहिल्याच नवरात्रात नागेंद्रच्या एका मागाची मोटर जळाली.

नागेंद्र म्हणजे त्या वेळी आठ मागांचा मालक आणि गल्लीतल्या बनशंकरीच्या देवळाच्या पंचांपैकी एक. आवाज असा की देवळात आरती म्हणायला लागला तर घंटा वाजवायची गरज नाही. मोटर खंडेनवमीच्या आत पाहिजे म्हणून तो मंगलच्या मागंच लागला. मंगलनं रात्रंदिवस बसून ती भरली आणि नवमीच्या सकाळी स्वतः जाऊन मागाला बसवून दिली. चालवून दाखवली. मोटर लोण्यासारखी फिरली.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. वडगावात त्या दिवशी माग धुऊन पुसून लख्ख करतात. फणीपासून मोटरीपर्यंत सगळ्याला हळदीकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, मोटरीवर नवं कापड पांघरतात. एकदा पूजा झाली की दसऱ्याचा नारळ फुटेपर्यंत मागाला कुणी हात लावत नाही. त्या वर्षीही तसंच झालं. दसऱ्याच्या सकाळी नागेंद्रनं नारळ फोडला, माग चालू केला, आणि पाऊण तासात मोटरीतनं धूर निघाला.

चूक कुणाची, हे बघायला नागेंद्र थांबला नाही. गल्लीत येऊन, सोनं वाटायला निघालेल्या माणसांसमोर तो म्हणाला, "बिनकुंकवाचा हात लागला खंडेनवमीला. जळणार न्हाय तर काय व्हणार?"

एवढंच. पण गल्लीला तेवढं पुरलं. विणकर माणूस मोटरींची कामं वर्षातनं एकदाच काढतो, ती दसऱ्याच्या तोंडावर. त्या पंधरा दिवसांत मंगलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पुढच्या वर्षी त्याच पंधरा दिवसांत तिच्या पायरीवर कुत्रं झोपलं. सगळ्या मोटरी शेजारच्या शहापूरला गेल्या. दसरा झाला की तीच माणसं हसत परत यायची, "आक्का, मोटर जरा आवाज करतीया बघा." जणू काही घडलंच नाही. मंगल मोटर घ्यायची, दुरुस्त करून द्यायची, आणि माणूस पायऱ्या उतरला की त्याचं नाव मनातल्या यादीत टाकायची. त्या यादीच्या डोक्यावर एकच नाव होतं.

तिला खरं काय ते कळलं, तेही योगायोगानं. नागेंद्रनं ती जळकी मोटर तिच्याकडं न पाठवता भंगारात दिली होती. भंगारवाला तांब्यासाठी सगळ्या मोटरी मंगलला दाखवायला आणायचा. त्यात एकीच्या वायरीला तिला आपल्याच हातची गाठ दिसली. तिनं मोटर ठेवून घेतली आणि उलटसुलट करून बघितली. मागच्या बाजूला पंख्याचं जाळीचं झाकण असतं, तिथनं मोटर वारा घेते. त्या झाकणावर जरीचा शेला वितळून चिकटला होता आणि जाळीत झेंडूच्या माळेचा जळका दोरा होता. पूजेचं पांघरूण न काढताच नागेंद्रनं बटण दाबलं होतं. मोटरीचा श्वास कोंडला आणि ती मेली. मंगल ते झाकण घेऊन दोघा पंचांकडं गेली. एकानं चहा पाजला. दुसरा म्हणाला, "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढतीस गं?"

ते झाकण तिनं दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना देवाच्या आधी नजर तिथं जायची. सहा वर्षं गेली. माणसं म्हणतात की काळ गेला की राग विझतो. ज्यांचा राग विझतो त्यांचा तो मुळात लहान असावा. मंगलचा विझला नाही. मध्यंतरी पॉवरलूमचा धंदा बसला आणि नागेंद्रचे सहा माग भंगारात निघाले, तेव्हा ती मुद्दाम त्याच्या दारासमोर जाऊन टेम्पो भरेपर्यंत उभी राहिली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

मोटरी कमी झाल्या तसे मंगलकडं मिक्सर यायला लागले. बायका पिशवीत घालून आणायच्या. शहापूरचे वाइंडिंगवाले तिला मागनं "मिक्सरवाली" म्हणायचे. म्हणू देत. चटणीच्या दिवसांत तिच्या हाताखालनं शेकड्यानं मिक्सर गेले, आणि मागाच्या मोटरीत जे नसतं ते मिक्सरच्या मोटरीत काय असतं, हे तिला डोळे मिटून हात घातला तरी कळायला लागलं.

मोकळ्या झालेल्या जागेत नागेंद्रनं यंदा एक नवीन खेळणं आणलं होतं. लाकडावर नक्षी कोरायचं यंत्र. जेवणाच्या टेबलाएवढं, कॉम्प्युटरला जोडायचं. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं की यंत्राचं डोकं आपोआप मागंपुढं सरकतं, आणि त्या डोक्याला बसवलेली मुठीएवढी मोटर टोकाचं बारीक हत्यार गरगरा फिरवून लाकूड कोरते. मोबाइलवर बघून बघून नागेंद्र ते शिकला. आधी घरांच्या पाट्या केल्या, मग देव्हाऱ्याच्या फळ्या, मग फुकटचं कौतुक पचेना म्हणून देवळात जाहीर करून बसला की यंदा दसऱ्याच्या पालखीत बनशंकरीच्या मागं सागवानी प्रभावळ असेल, आणि ती मी माझ्या हातानं करून देणार. पंचांनी जुनी पितळी प्रभावळ झाळायला, डाग द्यायला पाठवून टाकली; ती दसऱ्यानंतरच परत येणार होती.

डावीकडचा मोर कोरून झाला. उजवीकडच्याची मान निम्मी झाली आणि मोटर थांबली. यंत्राचं डोकं मात्र सरकतच राहिलं. न फिरणारं हत्यार लाकडावर फरफटलं, मोराच्या मानेवर ओरखडा उठला आणि हत्याराचं टोक मोडून पडलं. नवमीला चार दिवस होते.

उद्यमबागेतल्या कारखान्यांमधला एक मेकॅनिक आला. त्यानं विजेचा दाब कमीजास्त झाला असं सांगून कंट्रोलरची, म्हणजे मोटरीला वीज सोडणाऱ्या डब्याची, पट्टी बदलली. मोटर फिरली नाही. दुसरा आला, त्यानं लाल बटण चार वेळा दाबून सोडलं, कॉम्प्युटरमधलं काहीबाही बदललं आणि नवीन मोटर मागवा म्हणाला. नवीन मोटर यायला आठवडा. मग कुणीतरी नागेंद्रला म्हणालं की लहान मोटरींची नस मंगललाच कळते. हे वाक्य ऐकताना नागेंद्रचं तोंड कसं झालं असेल, हे मंगलनं पुढं कितीतरी वेळा डोळे मिटून बघितलं.

निरोप घेऊन भरमा आला. हा नागेंद्रच्या उरलेल्या दोन मागांवरचा विणकर, गरीब माणूस. पायरीवर उभा राहून चपला हलवत म्हणाला, "आक्का, मालकांनी बोलवलंय. ते कोरायचं यंत्र बंद पडलंय."

"कदी येऊ?"

"दुपारी या म्हणाले. तीनच्या सुमाराला." तो गल्लीकडं नजर टाकत म्हणाला, "मागच्या दारानं."

"गल्ली झोपल्यावर, व्हय?"

मंगलनं हातातली तार दातानं तोडली.

"तुझ्या मालकाला सांग, येते. पण आज न्हाय. खंडेनवमीला येते. सकाळी नऊला, पूजंच्या आधी, पुढच्या दारानं. आनी पंचांस्नी बोलवून ठेवा म्हणावं."

"आक्का, खंडेनवमीला?" भरमाला वाटलं तिच्या बोलण्यात गफलत झाली.

"खंडेनवमीलाच."

संध्याकाळी नागेंद्र स्वतः आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. वर चढला नाही, पायऱ्यांच्या खालीच उभा राहिला. ज्या तोंडानं आजवर नुसतं "मंगल" म्हटलं होतं, त्या तोंडातनं आता "मंगलआक्का" आलं.

"मंगलआक्का, आजच बघितलं असतं तर बरं झालं असतं."

"आज लई काम हाय, नागेंद्रअण्णा."

दुकानात एक उघडा मिक्सर आणि झोपलेलं मांजर होतं. नागेंद्रनं दोन्हीकडं बघितलं.

"नवमीला लोकं असत्यात. पूजा असती. तुला... तुमाला कळतंय की."

"मला कळतंय. तुमी एकदा सगळ्या गल्लीला समजावून सांगितलंय न्हवं."

तो मागं वळला. मंगलनं वर बघितलं नाही. त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत तिनं कान देऊन ऐकला, मग उठली, चहा टाकला आणि साखर जास्त घातली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. मधल्या दिवसांत नागेंद्रनं आणखी एकाला गाठलं, त्यानंही हात टेकले. मंगलला हे भरमाकडनं कळत होतं आणि ती त्याला दर वेळी विचारायची, "आनी मग काय म्हणाले मालक?" तिला ते तपशिलानं ऐकायचं होतं.

नवमीच्या सकाळी तिनं डोक्यावरनं अंघोळ केली आणि हिरवं लुगडं नेसली. एरवी ती कपाळाला लहानशी काळी टिकली लावते. त्या दिवशी आरशासमोर उभं राहून तिनं ती काढून आरशाला चिकटवली. मोकळं कपाळ घेऊन, एका हातात हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या हातात खिळ्यावरचं ते झाकण घेऊन, ती भर गल्लीतनं चालत गेली. रांगोळ्या काढणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. तिनं प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारली.

नागेंद्रच्या शेडमध्ये दोन्ही माग पुसून सजवलेले होते. माळा परडीत तयार होत्या. तिघं पंच खुर्च्यांवर बसले होते, दारात गल्लीतली दहाबारा माणसं जमली होती. नक्षीचं यंत्र कोपऱ्यात होतं आणि त्यावर निम्मी प्रभावळ, एका बाजूला मोर आणि दुसऱ्या बाजूला जखम. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, अर्ध्या अंधारात, नागेंद्रची आई अंबुबाई पाटावर बसून वाती वळत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी. तिनं मंगलकडं बघून मान हलवली.

मंगल यंत्रापाशी गेली. कुणीतरी दारात कुजबुजलं. तिनं कुजबुज संपेपर्यंत हात वर धरला आणि मग सगळ्यांना दिसेल असा मोटरीवर ठेवला.

"चालू करा," ती भरमाला म्हणाली.

यंत्र चालू झालं, डोकं सरकलं, नवं बसवलेलं हत्यार जागचं हललं नाही. मंगलनं मीटर काढून कंट्रोलरकडनं येणाऱ्या वायरीच्या टोकाला लावलं. आकडा पूर्ण आला. "वीज इथपर्यंत येतीया. कंट्रोलरला काय बी झालेलं न्हाय. त्याची पट्टी उगंच बदलली." मग वीज बंद करून तिनं मोटरीच्या दोन टोकांना मीटर लावलं. मीटर गप्प. "वीज येतीया आनी मोटर घेत न्हाय. म्हंजे आत रस्ता तुटलाय."

तिनं मोटर सोडवून हातात घेतली आणि नाकाला लावली. आणि हसली. सहा वर्षांत नागेंद्रसमोर ती पहिल्यांदा हसली.

"अण्णा, हिला तेल कुणी घातलं?"

"मी," नागेंद्र म्हणाला. "रोज सकाळी दोन थेंब. नवरात्रात जरा जास्त. मशिनला तेल न्हाय घालायचं तर काय घालायचं?"

वडगावातल्या कुठल्याही विणकरानं हेच केलं असतं. माग चालू करायच्या आधी सांध्यासांध्याला तेल द्यायचं, मग नमस्कार करायचा, मग बटण दाबायचं. बापानं शिकवलेलं, आज्यानं शिकवलेलं. मागाच्या मोटरीला त्यानं काही होत नाही. पण ही मोटर त्या जातीची नव्हती. मंगलनं मोटरीच्या दोन्ही अंगाच्या काळ्या टोप्या फिरवून काढल्या. आत बोटाच्या पेराएवढा कार्बनचा तुकडा असतो, मागं स्प्रिंग असते, ती त्याला सतत पुढं रेटते आणि त्या तुकड्यातनं फिरणाऱ्या भागाला वीज मिळते. मिक्सरमध्येही हेच असतं. इथं तेल आणि लाकडाचा भुसा मिळून काळं शेण झालं होतं आणि दोन्ही तुकडे त्यात रुतून बसले होते. एकही फिरणाऱ्या भागाला टेकत नव्हता.

तिनं ते शेण काडीवर घेऊन पंचांसमोर धरलं. "हे बघा. मोटरीला काय बी झालेलं न्हाय. मालकांनी भक्तीनं मारली."

एक पंच हसला आणि मग खोकला. नागेंद्रचा चेहरा लाल झाला. मंगल सावकाश काम करत राहिली. पेट्रोलच्या चिंधीनं घरं पुसली, बारीक पॉलिश पेपरनं आतला तांब्याचा भाग उजळला, कार्बन घासून सरळ केले. घाई करण्यासारखं काही नव्हतं. घाई नागेंद्रला होती. उरलेला मोर कोरायला आठ तास लागणार होते, तो झाल्याशिवाय यंत्राची पूजा करता येत नव्हती आणि सूर्य वर चढत होता. तिनं कार्बन जागेवर बोटानं दाबून धरले आणि मीटर लावायला भरमाला सांगितलं. मीटर पिपाणीसारखं वाजलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

मग तिनं दोन्ही कार्बन बाहेर काढले आणि मुठीत धरले.

"बसवा की," नागेंद्र म्हणाला. "काय घ्यायचं ते घ्या."

मंगलनं पिशवीशेजारचं झाकण उचलून यंत्राच्या पाटावर, निम्म्या मोराच्या शेजारी ठेवलं. जरीचा जळका गोळा वर आला. "हे वळखतासा?"

त्यानं ओळखलं. त्याच्या डोळ्यांत ते लगेच दिसलं, आणि मंगलला कळलं की त्याला तेव्हाही ठाऊक होतं. सहा वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस अडाणीपणानं बोलून गेला. तो जाणूनबुजून बोलला होता. तिच्या मुठीतले कार्बन तळव्यात रुतले.

"आता त्याचं काय?" नागेंद्र हळू म्हणाला.

"त्याचंच हाय सगळं. ही मोटर कशानं जळाली ते सांगा. पंच बसल्यात."

"बरं, चुकलं आसंल."

"आसंल न्हाय. कुणाचं चुकलं?"

नागेंद्रनं पंचांकडं बघितलं. पंच प्रभावळीकडं बघत होते. उद्या सकाळी पालखी निघणार, देवीच्या मागं काय लावायचं हा प्रश्न त्यांचाही होता. ज्यानं सहा वर्षांपूर्वी उकरून काढू नको म्हटलं होतं, तोच आता म्हणाला, "सांगून टाक, नागेंद्र. येळ चाललाय."

"मी शेला काढला न्हाय," नागेंद्र म्हणाला. "तसंच बटण दाबलं. त्यानं जळाली."

"आनी बिनकुंकवाचा हात?"

"त्यानं काय व्हत न्हाय."

"माझ्याकडं बघून नगा सांगू. त्या दिवशी गल्लीकडं तोंड करून सांगितलंतासा."

तो वळला. आरतीचा तो आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कुणास ठाऊक. पण शब्द बाहेर आले. "बिनकुंकवाच्या हातानं मोटर जळत न्हाय. माझी चूक व्हती. मी मंगलआक्कावर घातली."

मंगलच्या अंगातनं ऊन ऊन काहीतरी वर चढलं. हे असंच व्हावं म्हणून तिनं सहा वर्षं वाट बघितली होती, आणि झालं तेव्हा तिला वाटलं की हे फार लवकर संपलं. एवढ्यावर सोडायचं नाही.

"मागच्या माणसांस्नी ऐकू आलं न्हाय," ती म्हणाली.

"मला आलं."

हा आवाज दारातनं नाही, आतनं आला. अंबुबाई वातींचं तबक खाली ठेवून उठत होती. दाराची चौकट धरून ती उभी राहिली आणि उंबऱ्यावर पाय ठेवून थांबली.

"नाग्या, परत सांग. काय म्हणलास?"

"आई, तू आत बस."

"व्हय. हेच म्हणला व्हतास." म्हातारीचा आवाज चढला नाही. ती जणू कांड्या मोजत होती. "तुझा बाप गेला त्या साली नवमीला मी माग पुसाय बसले व्हते. माझा माग. लगीन होऊन आले तवापास्नं मी त्याच्यावर लुगडी विणली, त्या लुगड्यांवर तू मोठा झालास. तू माझ्या हातातनं फडकं काढून घेतलंस. म्हणलास, आई, तू आत बस, मोटरीला बाधा व्हईल."

"लोकं म्हणत व्हती, आई. रीत हाय ती."

"लोकं कुटं व्हती घरात? तू आनी मी व्हतो." तिनं चौकटीवरचा हात काढला. "पंचवीस वर्सं मी आत बसले. दर सणाला वाती वळल्या. मला वाटलं माझ्या हातात खरंच कायतरी हाय. नातवंडांचं पाळणं हालवताना सुदीक मी भ्यायचे. आनी आता तू म्हणतोस, काय व्हत न्हाय. मग मला कशाला बसिवलंस रं?"

पंचांपैकी एकजण उठून उभा राहिला आणि आपण का उभे राहिलो हे न कळून परत बसला.

अंबुबाईनं उंबरा ओलांडला. मागाचा आधार घेत, परडीतल्या माळांच्या शेजारनं, ती यंत्रापर्यंत आली. मंगलनं मूठ उघडली, कार्बन बसवले, टोप्या आवळल्या, मोटर जागेवर चढवली. हात सरावाचे होते, पण मन जागेवर नव्हतं. ते बटण आपण दाबायचं, पंचांच्या डोळ्यांदेखत, मोकळ्या कपाळानं, हे तिनं चार दिवस मनात घोळवलं होतं. झोपताना घोळवलं होतं, चहा पिताना घोळवलं होतं. तिचं बोट बटणापाशीच होतं.

"कुठलं दाबायचं गं, मंगल?" अंबुबाईनं विचारलं.

मंगलला ते जड गेलं. मग ती बाजूला सरकली.

"हे, मावशी. हिरवं."

म्हातारीनं दाबलं. बोटाला जोर नव्हता म्हणून पुन्हा दाबलं. मोटर फिरली, आवाज शेडभर पसरला, आणि सगळ्यांचे डोळे त्या गरगरणाऱ्या टोकावर गेले. मंगलनं तिकडं बघितलंच नाही. ती नागेंद्रकडं बघत होती. तो आईच्या हाताकडं बघत होता, आणि आई त्याच्याकडं बघत नव्हती. सहा वर्षांत मंगलनं त्या माणसासाठी कितीतरी शिक्षा ठरवल्या होत्या. ही त्यात नव्हती. ही तिला कधी सुचलीही नसती.